राजाचा दिवस आणि गावची जत्रा

संगणकावरच्या व्यूहरचनेच्या खेळांत नगर वसवावे लागते, शेती पिकवावी लागते, रस्ते बांधावे लागतात, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करावे लागते. माध्यमिक शाळेतली बरीच मुले असे खेळ खेळतात. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि लोकसंख्या हे विषय त्यांत एकत्र येतात, म्हणून शिक्षकांनी त्यांच्याकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहू नये असे मला वाटते. पण खेळ काही शिकवतो असे एकदा मान्य केले, की तो नेमके काय शिकवतो हे तपासणे ओघाने आलेच. या लेखात अशा खेळांतला एकच छोटा भाग तपासायला घेतला आहे. तो म्हणजे नगराचा उत्सव.

लोक आनंदी झाले की उत्सव होतो आणि उत्सव झाला की नगराची भरभराट होते, असा हा नियम आहे. तो घासून पाहायला कसोटी घेतली आहे ती सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या जत्रा-उत्सवांची. कृष्णेच्या काठी वसलेली गावे आणि माण, खटाव, आटपाडी, जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके या दोन्ही जिल्ह्यांत शेजारी-शेजारी आहेत. उत्सवाचे इतके प्रकार इतक्या थोड्या अंतरात क्वचितच पाहायला मिळतात.

नियम काय आहे?

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. त्यात नगरातील नागरिकांचे तीन गट असतात : आनंदी, समाधानी आणि असंतुष्ट. व्यापारातून येणाऱ्या उत्पन्नाची खेळाडू तीन भागांत वाटणी करतो. एक भाग खजिन्यात जातो, दुसरा संशोधनाकडे आणि तिसरा चैनीकडे. चैनीचे माप वाढवले की समाधानी नागरिक आनंदी होतात. पुरेसे नागरिक आनंदी झाले आणि असंतुष्ट कोणीच उरला नाही, की नगरात 'आमचे राजावर प्रेम आहे' असा दिवस साजरा होतो.

याच खेळाच्या धर्तीवर डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी 'फ्रीसिव्ह' हा खेळ तयार केला. तो १९९६ पासून विनामूल्य मिळतो आणि त्याचे नियम साध्या मजकुराच्या धारिकांमध्ये लिहिलेले असल्याने ते वाचता आणि बदलताही येतात. त्याच्या मूळ नियमावलीत उत्सवाच्या अटी स्पष्ट आहेत. नगराचे आकारमान किमान तीन हवे, निम्मे किंवा अधिक नागरिक आनंदी हवेत आणि एकही असंतुष्ट नको. चैनीची दोन एकके खर्च केली की एक समाधानी नागरिक आनंदी होतो. राजेशाहीत उत्सवामुळे उत्पादन वाढते, प्रजासत्ताकात व लोकशाहीत व्यापार वाढतो. शिवाय अन्न शिल्लक असेल तर प्रत्येक फेरीला नगराची लोकसंख्या एका अंकाने वाढण्याची सोयही या खेळाच्या काही नियमावल्यांत आहे. एरवी त्यासाठी धान्याचे कोठार पूर्ण भरावे लागते. उत्सवाच्या काळात ती अट उरत नाही.

मालिकेतील पुढच्या खेळांनी तपशील बदलले. २०१० सालच्या पाचव्या भागात नगर एखादी विशिष्ट चैनीची वस्तू मागते आणि ती मिळाल्यावर काही फेऱ्या त्याची वाढ जोमाने होते. २०२५ च्या सातव्या भागात आनंद साठत जातो. साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उत्सव सुरू होतो आणि खेळाडू त्याचे फळ निवडतो. तपशील निरनिराळे असले तरी गाभा तोच राहिला आहे : चैन, त्यातून आनंद, त्यातून उत्सव, त्यातून वाढ, आणि वाढीतून पुन्हा चैनीसाठी उत्पन्न.

नियमाचे गुण

आधी या नियमाचे श्रेय त्याला द्यायला हवे. सगळा पैसा सैन्यावर आणि बांधकामावर खर्च करणारा खेळाडू या नियमामुळे थबकतो. लोकांच्या मनःस्थितीला आकड्यांच्या जगात जागा देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दुसरे म्हणजे, परिणामाने कारणालाच बळ देणे, ज्याला आपण धन प्रत्याभरण म्हणतो, त्याचा अनुभव मुलाला इथे हातोहात येतो. चक्रवाढ व्याज आणि जिवाणूंची वाढ शिकवताना याच कल्पनेसाठी आपल्याला फळा भरावा लागतो.

'खेळच तो, त्यात वास्तव कशाला शोधायचे?' असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. प्रत्येक प्रतिमान काहीतरी वगळतेच. पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवताना आपण डोंगर वगळतो आणि त्याने काही बिघडत नाही. वगळल्याने उत्तराचा आकडा थोडा बदलला तर ते चालण्यासारखे असते. उत्तराची दिशाच बदलत असेल तर मात्र ते वगळणे तपासावे लागते. राजाच्या दिवसाला हीच कसोटी लावू.

पहिला आक्षेप : उत्सव आनंदाची वाट पाहत नाही

खेळात आनंदाची मर्यादा ओलांडली की उत्सव होतो. आपल्याकडे उत्सवाची तिथी ठरलेली असते आणि ती येते तेव्हा लोक कोणत्या मनःस्थितीत आहेत हे ती विचारत नाही. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा घ्या. तिथे खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात येते. शेतकऱ्याच्या हातात खरिपाचे थोडेफार पैसे असतात असा हा काळ. अशा जत्रेत देवदर्शन होते, बैल विकला जातो, अवजारे आणि भांडी घेतली जातात, सोयरीक जुळते. शेकडो गावांनी एकाच दिवशी एकाच जागी यायचे तर दिवस आधी ठरलेला असावा लागतो. पंचांग हे या दृष्टीने एक मोठे वेळापत्रकच आहे. दुष्काळी वर्षात बाजार मंदावतो, पण तिथी पुढे ढकलली जात नाही.

२०१९ चे उदाहरण अधिक बोलके आहे. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे दगावली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती. खेळाच्या नियमाने सांगलीत एकही 'आनंदी' नागरिक मिळाला नसता, म्हणजे उत्सव होण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्यक्षात गणपती आले. अनेक मंडळांनी खर्च कमी केला, देखावे टाळले, वर्गणीचा पैसा पूरग्रस्तांकडे वळवला. खेळातला उत्सव ज्या क्षणी बंद पडतो, नेमका त्याच क्षणी खरा उत्सव उपयोगी पडला.

आणि या उत्सवात राजा कुठे आहे? वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा रंगपंचमीला होते. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे तिला मनाई होती, तरीही ती निघाली आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. साथीच्या काळात गर्दी करणे चुकीचेच होते. आपल्या मुद्द्यापुरते इतकेच लक्षात घ्यायचे की उत्सव सुरू करण्याची कळ राजाच्या हातात नव्हती आणि थांबवण्याचीही नव्हती. खेळात ती कळ सर्वस्वी खेळाडूच्या हाती असते.

दुसरा आक्षेप : जमणे म्हणजे हसणे नव्हे

सांगली जिल्ह्यातील कडेगावचा मोहरम प्रसिद्ध आहे. बांबूचे उंचच उंच ताबूत तयार होतात, हिंदू आणि मुसलमान दोघेही ते उभारण्यात असतात, आणि ताबूतांच्या भेटी पाहायला आसपासच्या गावांतून माणसे येतात. पण मोहरम हा मुळात शोकाचा प्रसंग आहे. करबलाच्या हौतात्म्याची ती आठवण आहे. ज्या खेळात आनंद हेच एकमेव माप आहे, त्यात कडेगावची नोंद कुठे करायची? हजारो माणसे एकत्र येतात, महिनोन् महिने खपतात, शेजारधर्म पक्का होतो, आणि तरी आनंदाच्या रकान्यात लिहायला काही नाही.

कडेगाव आपल्याला कालगणनेचा एक सुंदर धडाही देते. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे मोहरम दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्या पंचांगात अधिक मासाची योजना असल्याने गणेश चतुर्थी ऋतूला बांधलेली राहते. ती २०२० साली २२ ऑगस्टला आली, २०२३ साली १९ सप्टेंबरला. २०१८ ते २०२० या तीनही वर्षी मोहरमची दहावी तारीख गणेशोत्सवाच्या दिवसांत आली. दोन चक्रांचे काटे असे जुळतात तेव्हा एकाच रस्त्यावर दोन मिरवणुकांची सोय लावावी लागते. वाळवा तालुक्यातील गोटखिंडी गावाने तर कित्येक दशकांपासून गणपती मशिदीतच बसवला आहे. व्यूहरचना म्हणायची तर ही खरी व्यूहरचना, आणि खेळात तिला जागा नाही.

तिसरा आक्षेप : भरभराट होते, पण कशी?

उत्सवामुळे नगराला काहीच मिळत नाही असे माझे म्हणणे नाही. सांगलीला तर एकदा असे काही मिळाले की ते साऱ्या महाराष्ट्राला पुरले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे खेळ मराठीत करण्याचे काम विष्णुदास भावे यांच्याकडे सोपवले, आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो.

या घटनेची कारणे सुटी करून पाहू. परगावची कला जाणणारी एक फिरती मंडळी आली, ती पाहणारा एक कल्पक माणूस गावात होता, आणि खर्च उचलणारा आश्रयदाता होता. यात निम्मे नागरिक आनंदी होते की नाही याचा संबंध नाही. पुढची गोष्टही महत्त्वाची आहे. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा आश्रय सुटला. तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि लोकांनी दिलेल्या पैशावर नाटक उभे राहिले. खेळातल्या नियमाने चैनीचा खर्च थांबला की उत्सव त्याच फेरीत संपतो, मागे काही उरत नाही. खरा उत्सव मागे कसब ठेवून जातो. ढोल बांधणारा, ताबूत उभारणारा, कीर्तनकार, मंडप घालणारा, शंभर पानांचा स्वयंपाक करणारी बाई यांचे कसब पुढच्या वर्षीही शिल्लक असते.

आणि एक बारकावा. या खेळांत असंतुष्ट नागरिकांचा आकडा खाली आणायचा एक सोपा उपाय आहे. शेतावरच्या माणसाला काढून त्याचा करमणूक करणारा बनवायचा! तो चैन निर्माण करू लागतो आणि नगर उत्सवाला पात्र ठरते. उत्सवासाठी राबणाऱ्या माणसाचा खेळात एवढाच विचार आहे. मिरवणूक संपल्यावर पहाटे रस्ता झाडणाऱ्याला तर त्यात जागाच नाही.

चौथा आक्षेप : खरी चढाओढ वगळली

खेळात प्रत्येक नगराचा उत्सव स्वतंत्र असतो आणि एकाच्या उत्सवाचा दुसऱ्याला उपद्रव होत नाही. व्यूहरचनेच्या खेळाने नेमकी व्यूहरचनाच इथे गाळली आहे. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मंडळांचा विचार करा. दोघांनी पारंपरिक वाद्ये वाजवली तर दोघांनाही ३ गुण देऊ. एकाने ध्वनिवर्धकांची भिंत आणली तर गर्दी त्याच्याकडे जाते. त्याला ४ गुण, दुसऱ्याला १. दोघांनी भिंती आणल्या तर गर्दी पुन्हा समसमान, पण खर्च आणि कान दोन्ही गेले, म्हणून दोघांना २-२. समोरचा काहीही करो, प्रत्येकाला भिंत आणणेच फायद्याचे दिसते (४ हे ३ पेक्षा जास्त, २ हे १ पेक्षा जास्त), आणि म्हणून दोघेही ३ सोडून २ वर येऊन थांबतात. गणितात ही कैद्यांची कोंडी म्हणून ओळखली जाते.

आता यात ध्वनीचे मोजमाप घाला. डेसिबल हे लघुगणकीय माप आहे. पातळी १० ने वाढवायची तर ध्वनीची शक्ती १० पट करावी लागते, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. दोन्ही मंडळे ९० डेसिबलवर असताना दोघांनी दोनदा अशी चढाओढ केली तर दोघेही ११० वर पोहोचतात. शक्ती १०० पट झाली आणि एकमेकांच्या तुलनेत कोणीच पुढे गेले नाही. निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

या कोंडीतून बाहेर पडायच्या दोन वाटा याच भागाने शोधलेल्या आहेत. पहिली, 'एक गाव एक गणपती'. पोलीस आणि गावकरी मिळून राबवत असलेल्या या योजनेत चढाओढीचे पक्षच कमी होतात. दुसरी वाट जुनी आहे. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो तो घाटाघाटांवर पाळीपाळीने. गणपती आळी, धर्मपुरी, रामडोह अशा प्रत्येक ठिकाणचे दिवस वेगळे. एका घाटाचा उत्सव चालू असताना दुसऱ्या घाटाचे लोक पाहुणे म्हणून जेवायला जातात. जागा तीच, नदी तीच, माणसे तीच. केवळ वेळ वाटून घेतल्याने प्रतिस्पर्धी पाहुणा होतो. खेळ रचणाऱ्यांनी वाईचा घाट पाहिला असता तर त्यांना यातून एक उत्तम नियम मिळाला असता.

पाचवा आक्षेप : नियमाला वरची मर्यादा नाही

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. खेळाच्या हिशेबात उत्सव जितका मोठा तितका चांगला. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, चेंगराचेंगरी आणि आग यांत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंची दुकाने ही कारणे तेव्हा सर्वत्र छापून आली. 'लोक घाबरले आणि पळाले' असे अशा घटनांबद्दल नेहमी म्हटले जाते. गर्दीचे शास्त्र वेगळे सांगते. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसे झाली की व्यक्तीला स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकता येत नाही. गर्दी द्रवासारखी वागू लागते, मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो, आणि पुढे काय चालले आहे हे मागच्याला कळत नाही. दोष तिथे माणसाच्या भित्रेपणाचा नसतो, जागेच्या हिशेबाचा असतो.

तो हिशेब आठवीच्या मुलालाही करता येतो. पायऱ्यांच्या वाटेवरून दर मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस जातो असे धरू. तीन मीटर रुंद वाटेने तासाला ३ × ३६०० = १०,८०० माणसे जातील. तासाला १५,००० माणसे येत असतील तर पहिल्या तासाअखेर ४,२०० माणसे वाटेच्या तोंडाशी अडकतात, दुसऱ्या तासाअखेर ८,४००. चौरस मीटरला चार जण धरले तरी त्यांना २,१०० चौरस मीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर दाटी पाचावर, सहावर, सातावर जाते. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, मांढरदेवचे नव्हेत.) येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा थोडीशीच जास्त असली तरी वेळ गेला की संकट उभे राहते. हौदाचे आणि नळाचे गणित आपण वर्षानुवर्षे शिकवतो, ते हेच.

नदीचीही अशीच मर्यादा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्याचे जिप्सम बनते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दहा किलोची एक मूर्ती पूर्ण विरघळायला किमान चार हजार लिटर पाणी हवे, आणि तेही ढवळत राहिलेले. खेळातल्या नगराला नदी असते, पण उत्सवानंतर त्या नदीचे काय होते हे खेळ विचारत नाही.

मग नियम कसा असावा?

टीका करणाऱ्याने पर्यायही सुचवावा. पुढील खेळाला संगणक लागत नाही. चार गट, चिंचोके आणि बारा महिन्यांची नावे लिहिलेला एक कागद पुरतो. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवण्याची प्रथा कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सुरू केली. त्या दीड तासातही हा खेळ होईल.

चार गट म्हणजे एका गावच्या चार आळ्या. प्रत्येकीकडे चैत्राच्या आरंभी २० चिंचोके. कार्तिक आणि मार्गशीर्षात प्रत्येकी ६ चिंचोके उत्पन्न, फाल्गुन आणि चैत्रात प्रत्येकी ४, उरलेल्या आठ महिन्यांत १. दर महिन्याचा खर्च २. वर्षाचे उत्पन्न १२ + ८ + ८ = २८, खर्च २४, शिल्लक ४. भाद्रपदात उत्सव. प्रत्येक आळीने वेगळा केला तर आळीला ८ चिंचोके खर्च, चौघींनी मिळून केला तर आळीला ४. मिळून उत्सव करणाऱ्या आळ्यांत ऋणानुबंध जुळतो. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात चिठ्ठी काढून एका आळीला पूर येतो आणि तिचे १२ चिंचोके जातात. ऋणानुबंध असेल तर बाकीच्या तीन आळ्या तिला ३-३ देतात.

आता तीन प्रकार खेळून पाहा. उत्सव वेगवेगळे केले तर दुसरे वर्ष १६ ने सुरू होते, श्रावणात १४ उरतात, पुरानंतर २, आणि अश्विनात ती आळी शून्यावर येते. उत्सव केलाच नाही तर दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात प्रत्येकीकडे २२ असतात. पूर आलेल्या आळीकडे १० उरतात, बाकीच्यांकडे २२-२२. मिळून केला तर श्रावणात १८ असतात; पूर आलेल्या आळीकडे १८ – १२ + ९ = १५, आणि इतरांकडे १८ – ३ = १५. चौघी सारख्या!

बेरीज मात्र मुलांकडून अवश्य करून घ्यावी. उत्सव न करणाऱ्या गावाकडे एकूण ७६ चिंचोके आहेत, मिळून करणाऱ्या गावाकडे ६०. फरक १६ चा, म्हणजे नेमका एका उत्सवाच्या खर्चाइतका. उत्सवाने संपत्ती वाढली नाही. सर्वांत खाली असलेली आळी मात्र १० वरून १५ वर आली. हा विम्याचा हिशेब आहे, वाढीचा नाही. राजाच्या दिवसाच्या नियमाने दिशा चुकते ती इथे.

या खेळावरही टीका व्हायलाच हवी. वरचे आकडे मी ठरवले, म्हणून उत्तर असे सुबक आले. उत्सवाचा खर्च ४ ऐवजी ६ केला तर? पूर दर वर्षी आला, किंवा दहा वर्षांत एकदाच आला तर? एखाद्या आळीला उत्सवात बोलावलेच नाही आणि पूर नेमका तिलाच आला तर? हा शेवटचा प्रश्न वर्गात विचारला की सहसा शांतता पसरते, कारण अशी आळी कोणती हे प्रत्येक गावातल्या मुलांना ठाऊक असते. त्या शांततेत शिक्षकाने घाई करू नये.

ज्या शाळांत संगणक आहे तिथे याच्या पुढची पायरी म्हणून 'फ्रीसिव्ह'ची नियमावली उघडून उत्सवाचा नियम मुलांना वाचायला द्यावा आणि त्यातली एकच अट बदलून खेळ कसा बदलतो ते पाहू द्यावे. गावातल्या मागच्या जत्रेची माहिती त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोळा करावी : वर्गणी किती जमली, कोणी कोणते काम केले, वाट किती रुंद होती, कचरा कोणी उचलला. त्या वहीतल्या नोंदी आणि पडद्यावरचा नियम शेजारी ठेवले की कोणता नियम कुणाच्या सोयीचा आहे हे मुलांना आपोआप दिसू लागेल.